विहिरीपाशी उभ्या असलेल्या बाई

आधीच सांगते, मी विज्ञान शिकवते. भानामती, अंगात येणं असले विषय स्टाफरूममध्ये निघाले की सगळ्यात आधी हसणारी मीच. या सदरातले अनुभवही आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. तरी आज लिहायला बसलेय, कारण ही ऐकीव गोष्ट नाही... आणि त्या दिवशी मी जे केलं, ते नाव लपवून का होईना, कुठंतरी कबूल करायचंय.

ठिकाण – बीड तालुक्यात, लिंबागणेशच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीतला एक माळ. गावाचं नाव सांगत नाही. मागच्या जानेवारीतला शनिवार. वेळ सकाळी दहा ते दुपारी एक. म्हणजे अमावस्या नाही, अंधार नाही – डोळे दिपतील असं लख्ख ऊन.

आमच्या शाळेचं गाईड पथक मी अकरा वर्षं सांभाळलं. गाठी, तंबू, प्रथमोपचार सगळं मुलींना माझ्या हातानं शिकवलं. मग दोन वर्षांपूर्वी अश्विनीबाई आल्या. आष्टीकडच्या, वय सव्वीस. त्यांना साधी खुंट्याची गाठ नीट मारता येत नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात सगळ्या मुलींची नावं पाठ. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, त्या मुलींच्या वेण्या ही बाई सकाळी शाळेत घालून द्यायची. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका, आणि मी वर्गात एकटी डबा खातेय, असं चित्र रोजचं झालं. त्यात एकदा मुख्याध्यापक सहज बोलून गेले, की मुलींशी कसं वागावं हे जरा अश्विनीबाईंकडून बघा. सहजच म्हणाले ते. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तर त्या शनिवारी मुलींची प्रावीण्य पदकांची चाचणी होती. सोळा मुली, आठ-आठचे दोन संघ. जाई संघ माझ्याकडं, मोगरा अश्विनीकडं. बाहेरून एक परीक्षक सर आले होते. मार्गशोधक पदकासाठी मी आणि अश्विनीनं सकाळीच माळावर खुणा मांडल्या होत्या – दगडांचे बाण, गवताच्या गाठी, ‘इकडे जाऊ नका’ची फुली. त्या वाचत मुलींच्या संघानं आपलं आपण जायचं, फेरी पूर्ण करून परत यायचं. शिक्षकांनी सोबत जायचं नाही, हा नियम.

जाई संघ आधी गेला. अर्ध्या तासानं परतला, पण एका दगडाखालची चिठ्ठी त्यांच्या नजरेतून सुटली होती. सरांनी गुण कापले. मी चिडून बघत असतानाच माझ्याच संघातली एक मुलगी – जिला मी सहावीपासून शिकवतेय – अश्विनीजवळ जाऊन म्हणाली,

“बाई, पुढल्या साली मला तुमच्या संघात घ्याल का?”

माझ्यासमोर. अश्विनी माझ्याकडं बघून ओशाळली. ते ओशाळणं मला जास्त लागलं.

मोगरा संघाला निघायला अजून दहा मिनिटं होती. खुणा जागेवर आहेत का बघून येते, असं सांगून मी उठले. तुरीचं रान ओलांडलं की वाटेला दोन फाटे फुटतात. तिथला बाण उजवीकडं होता. मी तो पायानं मोडला आणि डावीकडं मांडला. पाच दगड, एक मिनिट लागलं नसेल. डावीकडं नुसत्या बोरी-बाभळी आहेत, पोरी भटकतील, अर्धा तास उशिरा येतील, नापास होतील – एवढंच माझ्या डोक्यात होतं. एवढंच होतं, हे मी शपथेवर सांगते.

परत येऊन परीक्षक सरांशेजारी कडुलिंबाखाली बसले. मोगराच्या आठ जणी गाणं म्हणत गेल्या. अश्विनी समोरच चुलीपाशी जाईच्या मुलींची स्वयंपाकाची चाचणी घेत होती. मला आतून फार बरं वाटत होतं.

वीसेक मिनिटांनी एक मेंढपाळ मामा पाणी मागायला आले. सरांनी त्यांना गप्पांत विचारलं, तुरीच्या पलीकडं काय आहे. मामा म्हणाले, उजवीकडं वाट रस्त्याला लागते.

“डाव्या अंगाला नका जाऊ पर. तिकडं जुनी हीर हाय. कठडा न्हाई, वरून समदं गवत. माझी दोन शेरडं गेली तिच्यात.”

सर म्हणाले, आपली वाट उजवीकडचीच आहे, काळजी नाही. आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

हो. मी मान हलवली. उठून पळायला हवं होतं. पण उठले तर कारण सांगावं लागणार, सगळ्यांसमोर, अश्विनीसमोर. हातातला चहाचा कप तसाच धरून मी बसून राहिले. दोन मिनिटं असतील, तीन असतील. आठ मुली कुठवर पोचल्या असतील याचा हिशोब करत मी बसून राहिले. हे मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

शेवटी कप तिथंच टाकून धावले. तुरीपर्यंत पोचले आणि थांबले – मोगराच्या आठही जणी उजव्या वाटेनं, ओळीत, परत येत होत्या. मोजल्या. पुन्हा मोजल्या. आठ.

त्यांची संघनायिका कोमल मला बघून चकित झाली.

“बाई, तुमी आमच्या आधी कशा आल्या इथं?”

मी विचारलं, आधी म्हणजे? तर सगळ्या एकदम सांगायला लागल्या. बाणाप्रमाणं त्या डावीकडं वळल्या. बाभळीच्या पुढं गेल्या, तर समोर वाटेत मी उभी. दोन्ही हात आडवे पसरून. काही बोलले नाही, नुसती मान हलवून नको म्हणाले आणि उजवीकडं बोट दाखवलं. मग त्या फिरल्या.

मी म्हटलं, अश्विनीबाई असतील. आमच्या दोघींच्या साड्या सारख्याच, निळ्या. पण अश्विनी चुलीपासून हलली नव्हती, मी स्वतः बघत होते. आणि मुली हसायलाच लागल्या – आमी काय तुमाला वळखत न्हाई का बाई? मग कोमल हळूच म्हणाली,

“पर तुमच्या पायात चपला न्हवत्या. एवढ्या सराट्यात कावून अनवाणी उभ्या होत्या?”

मी खाली बघितलं. माझ्या पायात चपला होत्या.

मुलींना पुढं पाठवून मी माझ्या मागोमाग आलेल्या मामांना घेऊन त्या वाटेला गेले. फुफाट्यात आठ जणींच्या बुटांचे ठसे स्पष्ट होते. एका जागी ते थबकले होते आणि मागं वळले होते. तिथून विहीर सात पावलांवर, मामांनी काठीनं गवत बाजूला केलं तेव्हा कुठं दिसली. खाली काळं पाणी. आणि त्या सात पावलांच्या मधल्या धुळीत – जिथं ‘मी’ उभी होते – एकही ठसा नव्हता. चपलेचा नाही, पायाचा नाही. मामांनीही बघितलं. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

मोगराच्या आठही जणींना पदक मिळालं. विहिरीचं मी ग्रामपंचायतीत सांगितलं, आता तिला काटेरी कुंपण आहे. महिन्याभरानं अश्विनीला सगळं खरं सांगितलं. बाण मीच फिरवला, हेही. ती किती तरी वेळ रडली. मग म्हणाली, “पण ताई, आडव्या पण तुम्हीच झालात ना?” तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. पथकही माझ्याकडंच राहू दिलं.

बाणाचं वगळून लोकांना विचारलं. उन्हाचा भास म्हणावं, तर आठ जणींना एकच भास कसा? माझं मन तिथं गेलं म्हणावं... तर माझं मन कुठं होतं, हे मला चांगलं माहीत आहे. ते कपाला धरून बसलं होतं. याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर जरूर कळवा.

आता मधल्या सुट्टीत घोळका माझ्याभोवती असतो. बाईंनी आपल्यासाठी अनवाणी उन्हात उभं राहून वाट अडवली, हे मुली नव्या मुलींना सांगतात. मला हवं होतं ते सगळं मिळालं. आणि खरं सांगू? अश्विनीचा हेवा त्या दिवशीच संपला. पण मुली प्रेमानं माझ्याकडं बघतात तेव्हा मला कळतं, की त्या तिच्याकडं बघतायत – विहिरीपाशी उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या बाईकडं, जी वेळेवर उठली. तिचा मला इतका हेवा वाटतो, की कधी कधी वर्गात मी फळ्याकडं तोंड करून उभी राहते.