गोळी लागून पडणारा शत्रुघ्न

शत्रुघ्न परब सुतार म्हणून बरा होता, एवढं यूनुस मुकादमही मान्य करायचा. तो नट झाला आणि माणसातून उठला.

कुवेतमधल्या खैतानच्या एका खोलीत दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. यूनुस राजापूरकडचा, कंपनीची व्हॅन चालवायचा. शत्रुघ्न कणकवलीजवळच्या खेड्यातून त्याच कंपनीत काँट्रॅक्टवर आलेला. अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या मुदीरला, म्हणजे कंपनीच्या कुवेती साहेबाला, एक खूळ लागलं. लहानपणी त्याने टीव्हीवर अमेरिकन घोडेस्वारांच्या मालिका पाहिल्या होत्या. मोठाल्या टोप्या, पिस्तुलं, धुळीने भरलेलं गाव. तशीच मालिका अरबीत काढायची म्हणून त्याने वफ्राच्या आपल्या शेतावर, टोमॅटोच्या शेडमागे, अख्खं अमेरिकन गाव उभं करायला सांगितलं. गाव कसलं, नुसते पुढचे भाग. समोरून बँक आणि मागून टेकू. ते शत्रुघ्नाने ठोकलं. पहिल्याच दिवशी एक दरोडेखोर आजारी पडला, तेव्हा हा हातातला रंधा ठेवून टोपी घालून उभा राहिला. गोळी सुटली, हा बँकेच्या माथ्यावरून खाली अंथरलेल्या गाद्यांवर कोसळला आणि मुदीर बेहद्द खूश झाला. झालं. कुवेतला एक नट मिळाला आणि एक चांगला सुतार गेला.

पुढे मालिका चालली तोवर हा मरतच राहिला. दरोडेखोर म्हणून मेला, जुगारी म्हणून मेला, एकदा तर बँकेचा पहारेकरी म्हणून ठोक्यासरशी आडवा झाला. पण टोपी भुवयांपर्यंत आणि रुमाल नाकापर्यंत. तोंड दिसलं तर मागच्या आठवड्यात मेलेला माणूस पुन्हा कसा मरणार? तरी गड्याचा रुबाब काय सांगावा! घोड्यावर तो एकदाच बसला होता आणि घोड्याने त्याला तिथल्या तिथे खाली टाकलं होतं, पण खैतानच्या बाजारात मासे आणायला जाताना तो पाय फाकवून चालायचा. पोटात गोळी लागली की कसं मरायचं आणि छातीत लागली की कसं, हे जेवताना सगळ्यांना ऐकवायचा. कसाही मर, पण आधी ताट धुऊन मर, असं यूनुस म्हणायचा.

शत्रुघ्नाला हवं होतं एकच. पडद्यावर एकदा आपलं तोंड दिसावं. गावी त्याची मुलगी स्वरा होती. ती पाळण्यात असताना हा निघून आला, आणि आता ती शाळेत जायला लागली होती. आपले बाबा टीव्हीत काम करतात, असं तिने वर्गात सांगून ठेवलं होतं. पोरं तिला खोटारडी म्हणून चिडवतात, असं त्याची बायको मुक्ता फोनवर सांगायची. म्हणून याने लेकीला शब्द दिला होता, तुला माझं तोंड दाखवीन. आणि त्या तोंडासाठी हा दोन वेळा आलेली रजा सोडून वफ्राच्या धुळीत मरत बसला होता. यूनुसला याचाच सगळ्यात जास्त संताप यायचा. तोंड दाखवायचं तर विमानात बस ना, गाढवा! पण नटाला हे कोण शिकवणार?

मालिका बंद व्हायची वेळ आली तेव्हा मुदीर एकदाचा पाघळला. शेवटच्या भागात रुमाल काढ म्हणाला. कॅमेरा जवळ आणतो, समोर बघून मर.

आता गावी असताना हा दरवर्षी दहीकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, राक्षसाचं काम करायचा, आणि तिथे ज्याचं तोंड त्यानेच रंगवायचं असतं. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. कुणी काही न सांगता शत्रुघ्न त्या दिवशी टेकू दिलेल्या बँकेमागे आरसा घेऊन बसला. गावाहून मागवलेला सफेदा थापला, गालांवर गुलाबी, ओठांवर लाल आणि भुवया पार कानापर्यंत. व्हॅनमधून यूनुसने ते सोंग पाहिलं आणि हे काय चालवलंय म्हणून विचारलं.

"तोंड दिसाक होया ना?" शत्रुघ्न म्हणाला.

त्याला बघून मुदीर हसता हसता खाली बसला आणि असंच घ्या म्हणाला. गोळी सुटली. हा डोळे गरगरा फिरवत, गुडघ्यांवर झुलत, राक्षसासारखा सावकाश मेला.

शत्रुघ्नाची रजा लांबली होती. यूनुसची आली. घरी गेल्यावर एक दिवस तो त्या शेवटच्या भागाची कॅसेट घेऊन परबाच्या वाडीवर गेला. शेजाऱ्यांकडे व्हिडिओ होता. खळ्यात माणसं मावेनात, आणि सगळ्यांच्या पुढे इस्त्रीचा फ्रॉक घालून स्वरा. रंगवलेला मेला तशी पोरं हसून लोळली. स्वरा हसली नाही. शेवटपर्यंत बघत राहिली आणि मग यूनुसकडे वळली.

"काका, ह्येत माझे बाबा खंय आसत?"

तो रंगवलेला तेच बाबा, असं यूनुसने सांगितलं. मुक्तानेही तेच सांगितलं. चित्र थांबवून पुन्हा दाखवलं. पोरीने नीट बघितलं आणि मान हलवली. पोरं तिला खोटारडी म्हणत घरी गेली.

परत आल्यावर हे शत्रुघ्नाच्या तोंडावर फेकायचं, असं यूनुसने विमानातच ठरवलं होतं. इतक्या वर्षांचा राग होता. पोचल्या संध्याकाळी सगळे खोलीत असताना त्याने ते फेकलं.

"तुझ्या पोरीनं तुला वळखलान नाय."

शत्रुघ्नाने मांडीवर थाप मारली.

"मगे रंग बरो बसलो! सख्ख्या माणसाक वळखूक येवचा नाय, तोच खरो नट."

सगळे हसले. त्याने यूनुसला ते पुन्हा सांगायला लावलं. मग स्वराचा आवाज काढून, मान हलवून, स्वतःच सगळ्यांना करून दाखवलं. यूनुसला त्याची किळस आली. हसत हसतच शत्रुघ्न टॉवेल घेऊन बाथरूममध्ये गेला आणि त्याने नळ पूर्ण सोडला. तो लवकर बाहेर येईना. दाराबाहेर आंघोळीला खोळंबलेले सगळे त्याला शिव्या घालत होते. यूनुसने मात्र एकही घातली नाही.