गुरुवारचा इन्स्पेक्टर

लग्नानंतर मी साताऱ्याहून बेंगळुरात आले, ते साठ सालानंतरचे दिवस. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर होता. तो सकाळी सहाला कारखान्याच्या बसने जायचा आणि संध्याकाळी सहाला परतायचा. मधल्या वेळेचं काय करायचं, हा माझा प्रश्न होता. चामराजपेटेत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालक मराठीच, पण चार पिढ्या इथे काढलेले. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं होतं की पहिल्या दिवशी ते माझ्याशी मराठीत बोलताहेत हेच मला कळलं नाही. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणू लागले. अण्णा मला अम्मा म्हणायचे. वीस वर्षांच्या मुलीला अम्मा म्हणतात याचं मला पहिल्यांदा हसू आलं, मग सवय झाली.

अण्णा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण पोलीस वाटत नसत. किडकिडीत, मऊ आवाजाचे. खात्यातली सगळी वर्षं ठाण्यात लिखापढी करण्यात गेली, असं अक्का सांगायच्या. गल्लीतल्या लोकांचे अर्ज अजूनही तेच लिहून द्यायचे.

त्यांच्याकडे रेडिओ होता. दर गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला त्यावर वीस मिनिटांची कानडी नाटिका लागायची. एका तालुक्याच्या गावातला पोलीस इन्स्पेक्टर आणि त्याच्याकडे येणारे गुन्हे, असा तिचा विषय. गल्लीत ती कुणीच ऐकत नसे. त्या वेळेला सिनेमाची गाणी लागायची, आणि बाकी सगळ्या घरांतून तीच ऐकू यायची. अक्का मात्र लावायच्या. त्यांना चोऱ्यामाऱ्यांची आवड होती, तीस वर्षं पोलिसाशी संसार करूनही भागली नव्हती. मला त्या बोलवायच्या. मी शेंगा सोलत किंवा लोकर विणत बसायचे आणि त्या मध्येमध्ये मला मराठीत सांगायच्या. अण्णा दाराशी खुर्चीवर असायचे. ऐकताहेत की नाही ते कळत नसे.

पहिले दोन-तीन गुरुवार मला फक्त आवाज कळले. दार करकरलं, टांगा थांबला, कुणीतरी रडलं. मग त्या इन्स्पेक्टरचा आवाज कानात बसला. तो कधी ओरडायचा नाही. संशयिताला आणून उभं केलं की आधी म्हणायचा, “बन्नी, कूत्कोळ्ळी.” या, बसा. पाणी विचारायचा. घरी कोण कोण, मुलं कितवीत, गाय किती दूध देते, असं सगळं विचारायचा. आणि समोरचा सैलावला की तितक्याच मऊपणे म्हणायचा, “सुळ्ळु हेळबेडी.” खोटं बोलू नका. मी कानडी शिकले ते या माणसाकडून. एकदा भाजीवालीने वांगी ताजी आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून तेच वाक्य, त्याच सुरात गेलं. बिचारी दचकून माझ्याकडे बघतच राहिली.

तो सरळ माणूस नव्हता. एका भागात त्याने एका चोराला सांगितलं, तुझा जोडीदार कबूल झाला आहे. जोडीदार सापडलाही नव्हता. दुसऱ्या एका भागात त्याने निरपराध शिक्षकाला दोन दिवस कोठडीत ठेवलं, कारण तसं केल्यावर खरा गुन्हेगार लाजेने आपण होऊन येईल अशी त्याची अटकळ होती. आला तो. शिक्षक सुटला, पण पुढे त्याच्याकडे शिकवणीला मुलं येईनात. हे शेवटच्या अर्ध्या मिनिटात, जाता जाता कुणीतरी बोलून गेलं आणि नाटिका संपली. मी अक्कांना विचारलं, “म्हणजे इन्स्पेक्टर चांगला की वाईट?”

“मला काय ठाऊक?” अक्का म्हणाल्या. “चोर तर पकडला की त्याने!”

मला ते पुरेना. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींत वाईट माणूस शेवटी कळायचाच. इथे लिहिणारा कुणाचीच बाजू घेत नव्हता. पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर पोलिसांच्या मालिका आल्या, मी आवडीने पाहिल्या. त्यांतले इन्स्पेक्टर नियम मोडायचे तेव्हा मागे ढोल वाजायचे. या नाटिकेत तसं काही नसे. तो चुकीचं काहीतरी करायचा तेव्हा नुसता सुपारी कातरल्याचा आवाज यायचा. इतकं चांगलं काहीतरी कुणी ऐकत नाही याचं मला नवल वाटायचं, आणि जरा आनंदही व्हायचा.

मग तो भाग आला. गावात एका सावकाराच्या घरी दरोडा पडतो. कुणी केला हे इन्स्पेक्टरला पक्कं ठाऊक असतं, पण साक्षीदार भीतीने उलटतात. तेव्हा तो झडतीला जाताना रक्ताने भरलेला एक पंचा स्वतःच्या पिशवीतून नेतो आणि त्या माणसाच्या गोठ्यात “सापडवतो”. बरोबरचा शिपाई विचारतो, “साहेब, हे…?” आणि साहेब म्हणतो, “लिही.”

अण्णा उठले आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

“अहो, असं काय करता?” अक्का ओरडल्या. अण्णा मागच्या अंगणात गेले.

तिसऱ्या दिवशी अण्णा पायरीवर कुणाचा तरी अर्ज लिहीत होते, तेव्हा मी सरळ विचारलं, “अण्णा, खरंच असं करतात?”

त्यांनी टाक खाली ठेवला. “स्वल्प बस, अम्मा,” ते म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते अक्कांनाही तोवर ठाऊक नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी, म्हैसूरच्या राजांच्या काळात, अण्णा होसकोट्याच्या बाजूच्या एका ठाण्यावर लेखनिक होते. तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी चोरी झाली. राखणदाराने चोराला अडवलं, तेव्हा चोराने त्याला पहारीने मारलं. राखणदाराचा एक हात कायमचा गेला. चोर कोण, हे साऱ्या गावाला माहीत होतं. दोन भाऊ होते, त्यातला थोरला. पण माल सापडेना आणि कुणी बोलेना. व्यापाऱ्याच्या चांदीच्या दोन पेल्यांच्या जोडीतला एक चोरीला गेला होता. इन्स्पेक्टरने उरलेला दुसरा पेला व्यापाऱ्याकडून मागून घेतला, पिशवीत घातला, आणि झडतीत त्या भावांच्या माळ्यावर, कडब्याखाली तो सापडला.

“महजर कुणी लिहिला? मी,” अण्णा म्हणाले. महजर म्हणजे आपल्याकडचा पंचनामा. “कडब्याखाली, उत्तरेच्या कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळलेला, असं सगळं नीट लिहिलं. फडकं माझंच होतं.”

“पण चोर तोच होता ना?”

“तोच. त्याबद्दल मला कधी शंका नव्हती. सात वर्षांची सजा झाली, भोगून आला.”

“मग?”

“मग काय की.” त्यांनी टाक पुन्हा उचलला. “त्या नाटकातल्या शिपायाने निदान विचारलं तरी. मी तेवढंही केलं नाही.”

रात्री मी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, चोर होता, शिक्षा झाली, यात म्हाताऱ्याने मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? पण अण्णांचं काहीतरी चाललं होतं. ते जेवण टाकून उठायचे. शेवटी एका शनिवारी अक्का माझ्याकडे आल्या. “उद्या त्यांना होसकोट्याला जायचंय म्हणतात. त्या माणसाला भेटायचंय. माझे गुडघे असले, आणि त्यांना बस लागते. तू जाशील काय बरोबर? तूच विचारलंस त्यांना.”

मी गेले. खरं सांगायचं तर सोबतीपेक्षा मला त्या माणसाला बघायचं होतं.

मार्केटजवळून बस धरली. होसकोट्याला उतरून पुढे दोन मैल तळ्याच्या बांधावरून चालत गेलो. अण्णांनी पांढरा कोट घातला होता, जणू कोर्टात निघाले आहेत. तो माणूस गावाच्या तोंडाशीच एका छपराखाली सुतारकाम करत होता. तुरुंगात शिकला असावा. साठीला टेकलेला, रुंद, कानांवर पांढरे केस. एका पाटाला रंधा मारत होता. एवढ्या गुरुवारांनंतर मला कानडी बरंच कळत होतं, त्यामुळे पुढचं बोलणं मला समजलं.

अण्णांनी आपण कोण ते सांगितलं. त्याने रंधा थांबवला नाही. “ओळखलं. तुम्ही लिहायचात.”

“तो पेला,” अण्णा म्हणाले, “तुझ्या घरात नव्हता. साहेबांनी आणला होता. मला माहीत होतं. मी लिहिलं.”

रंधा थांबला. मला वाटलं, आता हा हसेल, नाहीतर हाकलून देईल. तो अण्णांकडे बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, “कुठला पेला? जोडीतला दुसरा?”

“हो.”

“देवा!” तो खाली भुशातच बसला. “मारलं मी. चोरीही केली. सगळा माल मी कोलारला नेऊन विकला, पेल्यासकट. घरात काही ठेवलं नव्हतं. मग माळ्यावर पेला आला कुठून? तुरुंगात सात वर्षं हाच विचार केला. मला वाटलं, अंधारात दोन्ही पेले गाठोड्यात आले असणार, धाकट्याने त्यातला एक काढून लपवला आणि मी विकला तो दुसरा. त्याच्या हावेपायी मी धरला गेलो.”

“त्याला विचारलं नाहीस?” मी मध्येच बोलले. माझं तोडकं कानडी ऐकून त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“विचारलं. शपथ घेतली त्याने आईची. मी म्हटलं, आईची खोटी शपथ घेतलीस. त्यानंतर बोललो नाही त्याच्याशी. आई गेली तेव्हाही नाही.”

अण्णांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी मनात धरलेला अपराध वेगळा होता. ते कायद्याचं काहीतरी ओझं घेऊन आले होते. आपल्या एका ओळीमुळे एका घरात काय झालं, हे त्यांना स्वप्नातही ठाऊक नव्हतं.

सुतार उठला, अंगावरचा भुसा झटकला. “मला सांगून काय उपयोग? चला. त्याला सांगा.”

धाकट्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तो रेशमाचे किडे पाळायचा. अंधाऱ्या खोलीत बांबूच्या मोठमोठ्या चाळण्या एकावर एक रचल्या होत्या, आणि किडे पाला खात होते त्याचा पावसासारखा आवाज येत होता. थोरल्याला दारात पाहून तो हातात तुतीची पानं घेऊन तसाच उभा राहिला. अण्णांनी सगळं पुन्हा सांगितलं, उभ्यानेच, महजर वाचून दाखवावा तसं. या वेळी त्यांनी फडक्याचंही सांगितलं.

धाकटा ऐकत होता तोवर शांत होता. मग तो अण्णांवर धावून आला. इतक्या शिव्या मी आयुष्यात कधी ऐकल्या नव्हत्या, आणि त्यांतली एकही रेडिओने शिकवलेली नव्हती. “आई मला खोटारडा समजून मेली!” तो ओरडत होता. अण्णा हलले नाहीत. मी पुढे झाले, पण माझ्याआधी थोरल्याने त्याचा दंड धरला. धाकटा हात झटकेल असं मला वाटलं. त्याने झटकला नाही. तसाच ओरडत राहिला, आणि ओरडता ओरडता रडायला लागला. त्याची बायको मला म्हणाली, “तुम्ही जा आता.” तिच्या आवाजात राग नव्हता.

परतीच्या बसमध्ये अण्णांना दोनदा उलटी झाली. दुसऱ्यांदा तोंड पुसून ते म्हणाले, “अम्मा, तो साहेब वाईट माणूस नव्हता. राखणदाराच्या औषधाला त्याने पदरचे पैसे दिले होते.” मी हो म्हटलं. मला खरंच तसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या साहेबाची चीडही आली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतात, हे ती नाटिका मला इतके दिवस सांगत होती.

त्या आठवड्यात अण्णांनी पेल्याची सगळी हकीकत सांगणारा अर्ज खात्याला लिहिला. स्वतःसाठी लिहिलेला त्यांचा बहुधा तो पहिलाच. अक्कांनी खूप आदळआपट केली, पेन्शन बंद होईल म्हणून घाबरवलं, तरी त्यांनी तो टपालात टाकला. महिन्याभराने एक तरुण अधिकारी घरी आला, कॉफी प्याला, जुना साहेब कधीच वारला आहे असं म्हणाला आणि अण्णांचा लेखी जबाब घेऊन गेला. पुढे काही झालं नाही. नाटिकाही त्याच सुमारास अचानक बंद पडली. त्या जागी शेतकऱ्यांसाठी बियाण्यांची माहिती लागू लागली. मी रेडिओला कानडीत पत्र लिहिलं, त्या दरोड्याच्या भागाचं पुढे काय झालं म्हणून. उत्तर आलं नाही.

वर्षभराने नवऱ्याचं त्या बाजूला काम निघालं, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले. गावाच्या तोंडाशी छपराखाली कुणी नव्हतं. मी धाकट्याच्या घरी गेले. थोरला तिथेच अंगणात चाळण्यांसाठी लाकडी मांडणी ठोकत होता, धाकटा दुसरी बाजू धरून उभा होता. मला पाहून दोघांनी मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागले.

“एकमेकांशी बोलतात का आता?” मी धाकट्याच्या बायकोला हळूच विचारलं.

“फारसं नाही,” ती म्हणाली. “कामापुरतं. पण जेवतात इथेच.” आणि मी काही म्हणायच्या आत तिने माझ्यापुढे पाट मांडला.