एकचा आकडा

घाटकोपरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिली कमांड शिकवली ती ‘टाइप’. पुढे नाव दिलं की फ्लॉपीतली फाइल पडद्यावर दिसते. मी ‘लेटर1’ दिलं. फाइल नाही, म्हणे! चार वेळा तेच. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “टायपिस्ट ना तुम्ही मॅडम? मग नीट टाइप करा ना!”

डोकंच फिरलं माझं. ऑफिसात माझ्या टायपिंगला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. मग लक्षात आलं. आमच्या टाइपरायटरला एकचा आकडाच नव्हता. त्या जागी आम्ही दिसायला तसाच असलेला स्मॉल एल मारायचो. इथेही बोटांनी तेच केलं होतं.

“एकशिवाय टाइपरायटर? काहीही सांगू नका,” सर हसले.

त्यांनीच वाटलेल्या, टाइपरायटरवर टाइप केलेल्या नोट्स मी त्यांच्या टेबलावर आपटल्या. पानोपानी एकच्या जागी एल होते. एकही ‘एक’ नव्हता.