टॉवेलची चुंबळ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट भुताच्या गोष्टी रचण्यात मीच पटाईत. कॉलेजच्या सहलीत माझ्या एका गोष्टीने अख्खी एसटी रडली होती, कंडक्टरसकट. नवरा म्हणतो, तुझं बोलणं निम्मं कापून ऐकावं लागतं. कापा खुशाल. फक्त चुंबळ तेवढी कापू नका.

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमची भाड्याची खोली. खाली टॉवेलचे माग, वर आम्ही. माग सुरू झाले की भिंतीवरचा महादेवसुद्धा हलायचा. मी वरून कितीही ओरडले तरी खाली ऐकू जाणार नाही अशी ती खडखड. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण आई आधीच गेलेली, आणि आईशिवाय माहेर म्हणजे दोन भावांचा व्हॉट्सॲप ग्रुप. सासूबाई दुधनीला, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी. नवरा बसवराज ट्रकवर... आज हैदराबाद, उद्या विजापूर. घरात मी आणि पोरगी. आणि टाके.

टाक्यांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पोरगी इतकी दणकट की नर्सने वजनकाटाच बिघडलाय का म्हणून बघितलं. खाली फाटलं, टाके घातले. मग शिंक आली तरी मला भरदिवसा चांदण्या दिसायच्या. पण फोनवर थाट वेगळा.

"टाके कसे हायत गं?" सासूबाई विचारायच्या.

"कसले टाके, अत्ती? मी भाकरी थापतीय."

सकाळी अंघोळ घालायला शांतामावशी यायच्या. बाजेखाली शेगडी ठेवायच्या, निखाऱ्यांवर ओवा-बाळंतशेपा टाकायच्या. "टाके वाळाय पायजेत की. धुरी घे चांगली." त्या गेल्या की मी आतून कडी लावायचे आणि पुन्हा निखारे फुलवायचे. एकदा शेकून बरं वाटतं, तर चारदा शेकल्यावर पळायला लागेन — असा माझा हिशेब. कणसं भाजली असती एवढे निखारे. टाके वाळले नाहीत, चिघळले. सांगणार कोणाला? मी तर भाकरी थापत होते ना.

एका दुपारी मोरीत दुपटी पिळून आत आले, तर बाजेवरचा टॉवेल गोल वळलेला. डोक्यावर हंडा ठेवायला बायका करतात ना, तशी चुंबळ. घट्ट, शेवटचं टोक आत खोचलेलं. दाराची कडी तशीच. मावशींनीच सकाळी केली असेल, असं म्हणून बसले तिच्यावर. आणि — जखमेला काही टेकलंच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी बसून, न रडता, पोरीला पाजलं.

दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं.

"मी कशाला चुंबळ करू? आमच्या घरात नळ हाय की."

"मग कोणी केली?"

"तूच केली आसशील झोपंत. न्हाय तर ही बी तुजी एक गोष्टच."

मग रोजच. टॉवेल उलगडून मोकळा टाकायचा, मोरीत जाऊन यायचं, की वळलेला. मी स्वतः चुंबळ वळून पाहिली... बसल्याबरोबर सुटली. घाबरायला हवं होतं, पण नाही घाबरले. दिवसभरात त्या खोलीत कोणीतरी माझ्यासाठी केलेली तेवढी एकच गोष्ट होती. मी तिच्याशी बोलायला लागले, आणि खरं बोलायला लागले. वास येतोय गं. ताप वाटतोय. दवाखान्यात जायचं तर रिक्षात बसू कशी? त्या रस्त्याने माझे दोन तुकडे होतील.

मग एक दुपार अशी आली की अंग नुसतं भट्टी. बाजेवर टॉवेल नव्हता. शोधला, तर दाराशी, माझ्या चपलांवर चुंबळ ठेवलेली. दोन टॉवेलांची, जाडजूड. रिक्षाच्या सीटवर बरोबर बसेल अशी.

मावशींना फोन लावला. काही न वाढवता मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. "मावशी, पू झालाय. या."

"आले," म्हणाल्या. एवढंच.

त्यांच्या मांडीवर पोरगी, माझ्याखाली चुंबळ. खड्ड्यांतून रिक्षा उडत होती, मी नाही.

डॉक्टर मॅडमनी नीट तपासलं. मग म्हणाल्या, "शेक आजपासून बंद. भाजलंय सगळं. अजून अंगावर काढलं असतं तर अवघड होतं." जखम धुतली, गोळ्या दिल्या. कोमट पाण्यात बसायचं, मऊ कापडाने टिपून कोरडं ठेवायचं. "आणि घरी बसता कशावर?"

मी चुंबळ दाखवली. त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिली. "छान वळलीय. कोणी केली?"

मला दहा गोष्टी रचता आल्या असत्या. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"घरच्यांनी," मी म्हणाले.

ती आई होती, असं लिहायला मला किती आवडलं असतं. पण आईची मान कायम धरलेली, तिने जन्मात डोक्यावर हंडा घेतला नाही. घरमालकांना विचारलं, आधी इथे कोण राहायचं? म्हणाले, कोणी नाही, सुताचं गोदाम होतं. म्हणजे भूत म्हणायलाही कोणी सापडत नाही. बसवराजने सगळं ऐकलं आणि सवयीप्रमाणे निम्मं कापलं. कुठलं निम्मं ते त्याने सांगितलं नाही.

जखम भरली. आता मी मांडी घालून बसते, भाकरीही खरोखर थापते. दुपारी खाली माग चालू असतात, पोरगी झोपते. मी एक टॉवेल बाजेवर मोकळा टाकते आणि मोरीत जाऊन उगाच बादली वाजवत थांबते.

बाहेर येते तेव्हा टॉवेल टाकला तसाच असतो.