पांढरी दोनचा अकॉर्डियन

इथे आयर्लंडमध्ये ट्रली गावच्या एका माणसाकडून मी अकॉर्डियन विकत घेतला तेव्हा बायको गाडीतून उतरलीसुद्धा नाही. परतीच्या अख्ख्या वाटेवर ती एकच वाक्य बोलली. "पेटी वाजवतोस तेव्हा निदान शेजारी देवाचं काहीतरी समजून गप्प बसतात."

पेटी मला पुण्यापासून येते, म्हणजे भजनाला साथ करण्याइतपत. त्यामुळे दहा बटणांचा हा डबा चहा उकळेपर्यंत काबीज करू, अशी माझी समजूत. भाता दाबला की एक सूर आणि ओढला की त्याच बटणातून दुसराच, हे घरी आल्यावर कळलं. मुलगी तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, कुणीतरी बदकावर बसलंय असं वाटतं. बायकोने निकाल दिला.

"या देशात एका जरी माणसाने तुला वाजवायला शेजारी बसवून घेतलं, तर हे घरात राहील. नाहीतर ट्रलीला परत."

ब्लँचर्डस्टाउनजवळच्या एका पबच्या माडीवर रविवारी दुपारी कॅजन संगीत चालतं, असा शोध लागला. कॅजन म्हणजे अमेरिकेत लुइझियानाला राहणाऱ्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांची नाचगाणी. वाजवणारे मात्र सगळे इथलेच, फ्रेंच कुणालाच धड येईना. मला फार धीर आला. अकॉर्डियनवाल्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या. किडक्या दाढेकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी न विचारता शेजारी बसलो आणि सुरू झालो. व्हायोलिनवाल्याने गज खाली ठेवला. पेटीच्या भाषेत सांगायचं तर त्यांचा डबा पांढरी एकचा आणि माझा पांढरी दोनचा. दोन्ही मिळून जे निघालं त्याने एक जोडपं नाचता नाचता थांबलं.

"तुमची पट्टी वेगळी आहे," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही वर घ्या की," मी म्हणालो. पेटीवाल्याला त्यात काय अवघड?

"या डब्याला एकच पट्टी असते. तुमच्याही. आणि जुळली असती तरी नाही. इथे डबा एकच वाजतो, माझा."

मी उठेना. उठलो असतो तर थेट ट्रली. शेवटी त्यांनी एक लोखंडी त्रिकोण आणि सळई माझ्या हातात कोंबली. "हे वाजवा. हळू."

त्याचा आवाज थेट टाळासारखा. हात आपोआप भजनाच्या वाटेला लागला, आणि भजनात शेवटाकडे लय चढवायची असते. मी चढवली. नाचणाऱ्या एका म्हाताऱ्याने भिंत धरली. बाईंना थांबता आलं असतं, पण त्या दात आवळून माझ्यामागे धावत राहिल्या. ते दिसत होतं म्हणून मी आणखी चढवली.

गाणं संपलं तेव्हा त्यांचे केस कपाळाला चिकटले होते.

"तो डबा पुन्हा आणलात तर खिडकीतून फेकीन," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या रविवारी बसायचं इथेच. माझ्या बुटाच्या टप्प्यात."

पुढच्या रविवारी लय चढायला लागली की बूट यायचा. घरी येईपर्यंत नडगी काळीनिळी. बायकोने बर्फ दिला आणि अकॉर्डियन स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डाळींच्या मागे सारला. परत देऊ म्हणण्याची सोय तिला राहिली नव्हती, कारण शेजारी बसवून घेण्याची अट तिचीच होती.