साहेबाच्या बंगल्यावरून जाताना

सावंतवाडीच्या स्टँडवर मालवणच्या गाडीतल्या कंडक्टरने मला हाक मारली आणि खिडकीतूनच सांगितले, "मास्तर, तुमचो दत्तू गेलो." गाडी सुटत होती, पुढे काही विचारताही आले नाही... त्याला आता महिना होऊन गेला. लिहायला बसलो की दुःखाच्या आधी मला त्याचा रागच येतो. एवढी कसली घाई होती या माणसाला?

माझा हा मित्र आमच्या गावात गणपतीच्या मूर्ती करायचा आणि शिमगा जवळ आला की कागदाच्या लगद्याचे मुखवटे. आमच्या किनाऱ्यावर कस्टमच्या गोऱ्या साहेबाचा बंगला होता. साहेब विलायतेला गेला, देश स्वतंत्र झाला, बंगल्याच्या कौलांवर माकडे नाचू लागली. तरी त्याच्यासमोरून जाताना माणसे छत्री मिटायची, वहाणा काढून हातात घ्यायची. मीसुद्धा घ्यायचो, एवढा शिकलेला शहाणा! दत्तूचे वडील, बाबलकाका, त्याच साहेबाचे पट्टेवाले होते. ते तर तेवढ्या वाटेत मानही वर करीत नसत. दत्तूला हे फार लागायचे. "माकडां थंय कौलां फोडतत, आणि आमी व्हाणो हातात घेवन जातंव?" असे म्हणून तो माझ्यावरच खेकसायचा.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली असतील. त्या शिमग्यात त्याने साहेबाचे सोंग काढायचे ठरवले. गाव करी ते राव न करी, हे त्याचे नेहमीचे. बायकांनी जुन्या लुगड्यांचा कोट शिवला, होड्यांवरच्या खारव्यांनी खुर्चीला बांबू बांधून दिले, मुखवटा सगळ्यांनी मिळून लाल रंगवला. भर दुपारी साहेब झालेल्या दत्तूला खांद्यावर घेऊन आम्ही वाजतगाजत निघालो. जो तो हसत होता. इतक्यात समोरून बाबलकाका आले. त्यांनी छत्री मिटली, वहाणा काढल्या, आणि कमरेत वाकून सलाम ठोकला. म्हाताराही सोंगात शिरला, असे वाटून आम्ही आणखीच हसलो. खुर्चीतला दत्तू मात्र हलेना. त्याने मुखवटा काढला. "बाबा, मी दत्तू..."

"माका म्हायत आसा रे," काका तसेच वाकलेले म्हणाले, "पण ह्या कमरेक खंय म्हायत!"

त्या हसण्याची लाज मला आजही वाटते. दत्तू खुर्चीतून उतरला आणि वडिलांच्या वहाणा उचलून त्यांच्या पायांत घालू लागला. काका पाय मागे घेत राहिले.

पुढच्या वर्षी मुखवटा नव्हताच. "साहेबाक हसान काय उपयोग? तो खंय आसा आता?" दत्तू म्हणाला. त्याने नुसती रिकामी खुर्ची उचलायला लावली आणि मिरवणूक बंगल्यावरून नेली. अट एकच, वहाणा पायात आणि छत्र्या उघड्या. सर्वांत पुढे बाबलकाका. महिनाभर बापलेकांची त्यावरून भांडणे चालली होती, आणि शेवटच्या घटकेपर्यंत काका येतील याची खात्री नव्हती. फाटकापाशी त्यांचे पाऊल अडले. ढोल आपोआप थांबले. दत्तू मागून इतकेच म्हणाला, "बाबा, मी आसंय." त्यावर काका चालले. म्हातारपणी माणूस चिखलातून चालतो तसे, जपून, पण छत्री उघडी ठेवून चालले. पलीकडे गेल्यावर वाळूत बसून हमसून रडले. त्यांच्यामागून आम्ही सगळे गेलो.

मग दर शिमग्याला खुर्ची निघू लागली. शेजारच्या तोंडवलीची मंडळीही येऊन मिळाली. काका गेले, तरी दत्तूने ती सोडली नाही. मी त्याला म्हणायचो, "आता कोण वाकतो रे? कशाला हा खटाटोप?" तो खुर्चीचा बांबू माझ्याच खांद्यावर द्यायचा.

गेल्या आठवड्यात वारसाच्या नोंदीसाठी दत्तूच्या बायकोला, वहिनींना, घेऊन मी कचेरीत गेलो होतो. टेबलामागे माझाच एक जुना विद्यार्थी, कोवळा पोरगा. दाराशी मी थांबलो, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि आत गेलो. वहिनी आल्या नाहीत म्हणून मागे वळून पाहिले. त्या उंबऱ्यापाशी उभ्या होत्या, खाली माझ्या चपलांकडे बघत. त्या मी केव्हा काढल्या, मला कळलेही नव्हते.

"भावोजी," त्या हळूच म्हणाल्या, "चपला घाला. ह्येंका आवडाचा नाय."