दोन मार्क परत

आमचे विज्ञानाचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाल्यावर, माघातल्या एका मंगळवारी सकाळी, पेणजवळच्या खाडीकाठी एका मिठागरावर गेले आणि तिथे काम करणाऱ्या बाईला सातवीच्या परीक्षेतले दोन मार्क परत देऊन आले. मी सोबत होतो. आपण चुकलो हे सांगायला एसटी बदलत हिंडणारा दुसरा माणूस पेण ते रोहा या पट्ट्यात झालेला नाही, हे मी खात्रीने लिहू शकतो.

सरांचे म्हणणे असे की, शास्त्र म्हणजे खऱ्या गोष्टींची यादी नव्हे. माणसे आपले मत कसे बदलत गेली त्याची ती हकिगत आहे. म्हणून दरवर्षी शाळा सुरू झाली की पहिला आठवडा ते पृथ्वी स्थिर आहे असे शिकवत. थट्टेने नव्हे, मनापासून. खडू सरळ वर फेकत, तो पुन्हा हातातच येई. "पृथ्वी फिरते ना? मग हा मागच्या बाकावर का नाही पडला?" आठवडाभर वर्ग भांडे आणि हरे. "जुने लोक खुळे नव्हते. त्यांच्या जागी बसून बघा, मग त्यांना चूक म्हणा," असे सांगून दुसऱ्या सोमवारी ते पृथ्वी फिरवत. एका वर्षी तपासणीचे साहेब नेमके पहिल्या आठवड्यात आले. सरांनी त्यांच्यापुढेही खडू फेकला. साहेबांनी खडूकडे पाहिले, छताकडे पाहिले आणि चहा मागवला. जाताना शेऱ्यांच्या वहीत त्यांनी लिहिले : "पृथ्वी फिरते, याची मुख्याध्यापकांनी खात्री करून घ्यावी."

निवृत्तीनंतर सर रामवाडीत राहू लागले आणि त्यांनी एक वही सुरू केली. आपण वर्गात शिकवलेले जे जे पुढे चुकीचे ठरले ते त्यात लिहायचे आणि ज्याला शिकवले त्याला गाठून परत घ्यायचे. प्लूटोला ग्रहांतून काढले त्या वर्षी त्यांच्या चपला झिजल्या. डोलवीला कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभे राहून त्यांनी एका दमात चौदा जणांकडून प्लूटो परत घेतला. "सर, राहू द्या ना एक जास्तीचा," एकजण म्हणाला. "नाही. हिशेब शास्त्राचा आहे," सर म्हणाले.

रोह्याला एका विद्यार्थ्याचे लग्न होते. सर सकाळीच पोचले. नवरदेव ग्रहमखाला, म्हणजे नवग्रहांच्या पूजेला, बसला होता. सर त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "नऊ नाहीत रे, आठ धर. प्लूटो गेला." भटजींनी मंत्र थांबवला. "खुशाल जाऊ द्या," ते म्हणाले. "आमच्या नवांत तो कधी नव्हताच." सरांनी खिशातून वही काढून भटजींचे वाक्य तिथेच लिहून घेतले, खाली शेरा दिला : बरोबर.

त्याच वहीत हिराचे नाव होते. हिरा आमच्या वर्गात होती, मिठागरावरची. 'समुद्राच्या पाण्यापासून मीठ कशाने तयार होते?' या प्रश्नाला पुस्तकातले उत्तर होते 'सूर्याच्या उष्णतेने'. हिराने लिहिले 'वाऱ्याने'. सरांनी ते वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला. मीही हसलो. ती विज्ञानात दोन मार्कांनी नापास झाली आणि पुढे शाळेत आली नाही.

म्हातारपणी सरांनी गच्चीवर खाऱ्या पाण्याच्या दोन परातींचा प्रयोग केला. दोन्ही उन्हात, एकीवर टेबलफॅन. पंख्याखालची परात आधी सुकली. सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मुलीची शाळा मी सोडवली की काय, ते विचारून यायचंय. तू चल. मला एकट्याला नाही जमायचं."

हिरा वाफ्यातले मीठ ओढत होती. तिने सरांना लगेच ओळखले. "सर, उनात कशाला आलाव? सांगावा धाडायचा."

सरांनी उभ्या उभ्याच सांगितले. तिचे उत्तर बरोबर होते, आपण वर्गाला हसवले ते चूक होते. मार्क वाढवल्याची सही केलेली चिठ्ठी त्यांनी पुढे केली. मग विचारले, "हिरा, शाळा माझ्यामुळे सुटली का गं?"

ती चिठ्ठी वाचत राहिली. "नाय ओ. आगरावर माणूस कमी पडत होता." हे खरे होते की सरांसाठी म्हटलेले, याची खात्री मला करता आली नाही.

सरांनी वही उघडून नवे उत्तर दाखवले : 'ऊन आणि वारा'. हिराने ते वाचले आणि मान हलवली.

"अर्दंच हाय. वारा डोंगराकडचा सुका पायजे, खाडीकडचा ओला कामाचा नाय. आन् आदी पाय मारून तळ घट करावा लागतो. नायतर पानी जमिनीतच जिरतं. मंग मीठ कुठलं?"

"पाय," सर म्हणाले. "पाय पुस्तकात नाहीत." त्यांनी वही आणि लाल पेन तिच्या हातात दिले. "तपास."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

तिने हात पदराला पुसले. माझ्याकडे बघून म्हणाली, "आता हसू नको हां." मी हसलो नाही. सर हसले, डोळे पुसत.

सर त्यानंतरच्या भाद्रपदात गेले. वही माझ्याकडे आहे. मिठाच्या पानावर 'ऊन आणि वारा' याखाली लाल शाईने 'पाय' लिहिलेले आहे, समासात 'दोनपैकी एक'. त्याखाली, पालकांची सही असते त्या जागी, सरांची सही आहे.